दिवाळसणाची चार चाकं

तुळशीची लग्नं आटोपल्यानंतरचा रविवार, सकाळ. जबलपूरबाहेरच्या आमच्या पोलीस ठाण्यावर हजर: मी, म्हणजे ठाणे प्रभारी; हेड साहेब, म्हणजे आमचे सगळ्यांत जुने प्रधान आरक्षक, हवालदार; रोजनामच्याच्या वहीवर मुन्शी; पहाऱ्यावर एक आरक्षक, म्हणजे शिपाई. जीपचा ड्रायव्हर सुट्टीवर. ही हजेरी मला अजून तोंडपाठ आहे, कारण त्या दिवशी जे हजर होते त्यांपैकी एकालाही पुढचे तीन दिवस काही उमगत नव्हतं. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याला आता काही वर्षं झाली. खून, दरोडे, फसवणूक सगळं हाताळलं. पण एवढी गोंधळलेली मी दुसऱ्या कुठल्याच तपासात नव्हते.

भेडाघाट रस्त्यावरून फोन आला. एका चालत्या गाडीचं मागचं डावं चाक निघून गेलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा पांढरी गाडी रस्त्याकडेला एका बाजूला कलंडून बसली होती, आणि चाक मात्र पुढे धावत जाऊन एका मूर्तिकाराच्या दुकानात शिरलं होतं. संगमरवराचे तीन अर्धवट नंदी ओळीने बसलेले, आणि त्यांच्यामध्ये हे चमचमतं चाक. मूर्तिकार हात जोडून म्हणाला, "मैडम जी, दो मिनट पहले मैं यहीं बैठा था."

गाडीत तिघं होते. गाडी चालवणारा तरुण बँकेत अधिकारी, बदलीवर अकोल्याहून इथे आलेला. शेजारी त्याचा थोरला भाऊ. मागे त्यांची आई, जिला भेडाघाटचा धबधबा दाखवायला नेत होते. दोन्ही भावांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. आईचं मनगट मोडलं होतं आणि डोक्याला मार होता. तिला दवाखान्यात पाठवलं आणि मी गाडीपाशी बसले.

चाक जिथे बसतं तिथे बाहेर आलेले चार बोल्ट असतात. चाकाची भोकं त्यांत घालायची आणि वरून नट आवळायचे. इथे चारांपैकी दोन बोल्ट मुळापासून तुटलेले होते. उरलेले दोन जागेवर होते, पण त्यांचे आटे पार झिजलेले, आणि नट कुठेच नव्हते.

हेड साहेब वाकून बघत म्हणाले, "मैडम, किसी ने खोला होता तो बोल्ट साबुत मिलते. अपने आप टूटा होता तो चारों टूटते. ये आधा-आधा क्या है?"

पंचनाम्यात मी जे दिसलं ते लिहिलं.

संध्याकाळी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. आधी एक निनावी फोन आला. बोलणारा जबलपुरातल्या गोरखपूर भागातला, म्हणजे त्या बँकवाल्याच्याच गल्लीतला असावा. तो म्हणाला, "कल शाम को उसका साला आया था. गाड़ी के पीछे वाले पहिये पर पाना लगाकर बैठा था. हमने अपनी आँख से देखा." नंतर थोरला भाऊ ठाण्यात आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला.

"मॅडम, हा अपघात नाही. माझ्या भावाच्या मेव्हण्यानं केलं हे. दिवाळीत भांडण झालं होतं दोघांचं. लिहून घ्या."

"भांडण कशावरून?"

"दिवाळसणाला जेवायला बसलो होतो. माझा भाऊ गमतीत म्हणाला, तू अजून किती वर्षं परीक्षाच देत राहणार? तर हा ताटावरून उठला. म्हणाला, दाखवतो तुम्हाला भाऊजी."

दिवाळसण सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नानंतरची पहिली दिवाळी जावयाने सासरी करायची आणि सासऱ्याने त्याला काहीतरी द्यायचं. पूर्वी अंगठी, घड्याळ द्यायचे. या सासऱ्यांनी जावयाच्या गाडीला नवी अलॉय चाकं बसवून दिली होती. पाडव्याच्या दिवशी, हार घालून.

सोमवारी मेव्हण्याला बोलावलं. पिढ्यान्पिढ्या जबलपुरात राहिलेल्या मराठी घरातला मुलगा. आमच्यासारखंच घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्याची शाळेतली शिक्षकाची निवड नुकतीच झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद शहरातल्या ठाण्यात पडून होता. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा एकदा नोंदला गेला की त्या कागदावर काय शेरा पडतो हे मला सांगायला नको, आणि त्यालाही.

"शनिवारी संध्याकाळी बहिणीकडे काहून गेला होतास?" मी मुद्दाम घरच्या बोलीत विचारलं.

"फराळाचे डबे परत आणायले, मॅडम."

"गाडीला हात लावलास?"

"नाही जी."

"बघणारा आहे."

तो म्हणाला, "लावला. नट कसून राहिलो होतो. ढिले नाही केले. ताई म्हणे मागून खडखड येते. म्हणून पाना घेऊन गेलो. पायानं दाबून कसले."

"मग आधी खोटं काहून बोललास?"

"बाबांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. हेड साहेबांना मराठी येत नाही. ते मधेच म्हणाले, "मैडम, क्या बोल रहा है? जुर्म कबूल कर रहा है क्या?" मी म्हटलं, "पता नहीं, हेड साब." आणि खरंच पत्ता नव्हता. नोकरीत मी एक पाहिलं होतं. खोटं बोलणारा उत्तर देताना ते कुणाला पटेल याचा विचार करतो. हा मुलगा ते कुणाला कळेल याचा विचार करत होता. हे काय प्रकरण आहे ते मला उमगेना.

त्याचं म्हणणं खरं की खोटं हे तपासायचा सोपा मार्ग होता. गाडी चालवणाऱ्याला विचारायचं. मी त्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेले. जावई आईच्या खाटेशी उभा होता, आणि समोर त्याचे सासरे, हातात मोसंब्यांची पिशवी. सासरे कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. मी जावयाला विचारलं, "गेल्या पंधरवड्यात गाडीचा काही त्रास होता? आवाज, हादरे?"

"नाही मॅडम. गाडी एकदम फर्स्ट क्लास होती. नव्या चाकांवर तर लोण्यासारखी चालत होती."

"खडखड?"

"छे."

सासऱ्यांनी समाधानाने मान हलवली. "चाकं मी स्वतः मोजूनमापून घेतली मॅडम. फिता लावून. जुन्या चाकाची रुंदी तीच, व्यास तोच, भोकं चार ती चारच. डोळे मिटून नाही घेतली."

मग मी बाहेरच्या बाकावर जावयाच्या बायकोला, म्हणजे मेव्हण्याच्या बहिणीला, एकटीला गाठलं. ती म्हणाली, "आवाज येत होता. पहिल्या दिवसापासून. मीच भावाला सांगितलं." तिचं म्हणणं मी नोंदवून घेतलं तेव्हा थोरला दीर दारातून म्हणाला, "ती भावाला वाचवणारच ना, मॅडम. दुसरं काय सांगेल?"

आता बघा. एकाच गाडीत एकाच पंधरवड्यात बसलेले नवरा-बायको. तिला खडखड ऐकू येते, त्याला गाडी लोण्यासारखी. दोघंही शिकलेले, दोघांचेही कान शाबूत. मुलगा म्हणतो नट आवळले, आणि दुसऱ्याच दिवशी तेच चाक निघतं. बोल्ट निम्मे तुटलेले, निम्मे झिजलेले. मी रात्री डायरीत प्रत्येक माणसासमोर त्याचं म्हणणं लिहून पाहिलं. कुठलीही दोन वाक्यं एकत्र नांदेनात.

मंगळवारी वरिष्ठांचा फोन आला. "साला है. झगड़ा है. देखा गया है. पाना मिला है. गिरफ्तारी क्यों नहीं हुई?"

"साहब, बोल्ट का हिसाब नहीं बैठ रहा."

"बोल्ट का हिसाब मिस्त्री लगाएगा. आप आदमी का हिसाब लगाइए. कल तक."

त्यांचं चुकत नव्हतं. कागदावर त्या मुलाविरुद्ध सगळं होतं आणि त्याच्या बाजूने फक्त बहिणीचा शब्द. हेड साहेबांनी अटकेचे कागद तयार करायला घेतले. मला एवढंच वाटत होतं की ज्याला चाक सोडवायचं आहे तो भर संध्याकाळी, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, बहिणीच्या दारात बसणार नाही. पण असं वाटणं काही पुरावा नव्हे.

बुधवारी सकाळी परिवहन कार्यालयाचा तांत्रिक निरीक्षक येणार होता. गाडी ठाण्याच्या आवारात आणली होती. मागच्या डाव्या बाजूला विटा लावलेल्या, बाकी तीन चाकं जागेवर. निरीक्षकाला उशीर होता. मेव्हण्याला सकाळीच पुन्हा बोलावून घेतलं होतं; मी त्याला आवारात आणलं आणि पाना त्याच्या हातात दिला.

"कसे आवळलेस ते दाखव. हे उजवं मागचं चाक काढ आणि परत बसव."

हेड साहेब हळूच म्हणाले, "मैडम, सबूत है. हाथ मत लगवाइए." ते बरोबर होते. मी मुन्शीला बोलावलं, दोन पंच उभे केले, मूळ स्थितीचे फोटो काढून घेतले, आणि मग म्हटलं, चल.

चाक निघालं. परत बसवायची वेळ आली तेव्हा ते चढेना. मुलाने खालून उचललं, भोकं बोल्टांसमोर आणली, ढकललं. वरचे दोन बोल्ट शिरले, खालचे अडले. त्याने चाकाला गुडघ्याने रेटलं. मग लाथ मारली. तेव्हा कुठे ते चढलं.

"असंच केलं होतंस?"

"मी काढलं नव्हतं मॅडम. फक्त कसलं होतं."

"कस."

त्याने नट आवळले. पहिला नीट बसला. दुसरा थोडा तिरका गेला, आणि पान्यावर पाय देऊन उभा राहिल्यावर आत ओढला गेला. तिसरा, चौथा तसेच. घाम पुसत तो बाजूला झाला. मी चाक वरून आणि खालून धरून हलवलं. टकटक आवाज आला. इतकं आवळूनही.

"अरे?" हेड साहेबांनीही हलवून पाहिलं. "ये तो कसा हुआ है. फिर भी हिल रहा है. ये कौन-सी जादूगरी है?"

आवारातले सगळे त्या चाकाभोवती उभे राहिले आणि कुणालाच काही सुचेना. चाक घट्ट होतं. चाक हलत होतं. पंचांपैकी एक पानवाला होता. तो म्हणाला, "मैडम, नींबू बाँधा था इन्होंने?" कुणी हसलं नाही.

डिकीत स्टेपनी होती. दिवाळीत चार चाकं बदलली, पाचवं कुणी बदलत नाही, त्यामुळे ते गाडीचं मूळ, कारखान्यातून आलेलं काळं लोखंडी चाक होतं. जप्तीच्या पंचनाम्यात ते मीच लिहिलं होतं आणि विसरले होते. मी ते काढायला लावलं. अलॉय उतरवलं, लोखंडी उचललं. मुलाने ते बोल्टांसमोर धरलं आणि ते आपोआप आत गेलं. लाथ नाही, गुडघा नाही. आधी मधला गोल बरोबर बसला, मग चारी भोकं. नट हाताने अर्ध्यापेक्षा जास्त फिरले. आवळून हलवलं तर दगडासारखं स्थिर.

तेवढ्यात निरीक्षक आला. त्याने दोन्ही चाकं आडवी ठेवून मोजपट्टीने भोकांच्या केंद्रांमधलं अंतर घेतलं, आणि सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. सासऱ्यांनी चाक बाहेरून मोजलं होतं. पण चाक गाडीला बाहेरून नाही, आतून बसतं. भोकं ज्या वर्तुळावर पाडलेली असतात त्या वर्तुळाचं माप प्रत्येक कंपनीचं वेगळं. ह्या अलॉय चाकांचं वर्तुळ गाडीच्या मापापेक्षा दोन मिलिमीटर लहान होतं. डोळ्यांना ते दिसत नाही, फित्यालाही नाही. शिवाय मधलं मोठं भोक जरा सैल होतं, म्हणजे गाडीचा भार चाकाच्या मध्यावर न येता फक्त त्या चार बोल्टांवर येत होता, आणि तेही वाकडे ओढलेले. रस्त्यावर प्रत्येक फेऱ्याला बोल्ट थोडे वाकतात, नट थोडे सुटतात. कुणी जोर लावून आवळलं की आवाज जरा वेळ थांबतो, पण बोल्टांवरचा ताण वाढतो. मग कुठले बोल्ट तुटतात, कुठले नट फिरून निघतात. म्हणून निम्मे-निम्मे.

"म्हणजे मी कसल्यानंच तुटले?" मेव्हण्याने विचारलं.

"तू कसले नसतेस तरी हे चाक जाणारच होतं," निरीक्षक म्हणाला. "आज नाही तर उद्या."

बोल्टांचं कोडं सुटलं. माणसांचं सुटलं नव्हतं. जावयाला गाडी लोण्यासारखी कशी वाटली? मी त्याला बोलावून घेतलं, एकट्याला, आणि अजून गाडीला असलेल्या पुढच्या उजव्या अलॉय चाकापाशी उभं केलं.

"हलवा."

त्याने हलवलं. टक. त्याने हात काढून घेतला आणि लगेच रुमाल शोधायला लागला.

"हा आवाज ओळखीचा आहे?"

"पाडव्याच्या संध्याकाळपासून, मॅडम. स्टिअरिंग थरथरत होतं. मला वाटलं अलाइनमेंट असेल. मग बायकोला म्हटलं, इकडचे रस्तेच तसे आहेत."

"सासऱ्यांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? त्यांनी हार घालून दिली होती. सगळे नातेवाईक बघत होते. पहिल्याच दिवाळीला जावई म्हणतो चाकं बरोबर नाहीत. कसं दिसतं ते? ते म्हणाले असते, याला अजून भारी पाहिजेत."

"आणि दवाखान्यात मला?"

"तिथेही ते समोर उभे होते."

"तुमच्या त्या एका वाक्यावर तुमच्या मेव्हण्याला आज अटक होणार होती. आत माझ्या टेबलावर कागद तयार आहे."

त्याने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला वाटलं तुम्ही चौकशी करून त्याला सोडून द्याल. तो असं करणार नाही हे मला ठाऊक होतं."

त्या क्षणी मला राग यायला हवा होता. पण मी अजून मनात जोडाजोड करत होते. बायकोने आवाज ऐकला आणि वडिलांना न सांगता भावाला सांगितलं, कारण वडिलांना वाईट वाटेल. भावाने भाऊजींना न विचारता गुपचूप नट आवळले, कारण भाऊजी वडिलांना सांगतील. जावयाने कुणालाच सांगितलं नाही. चाकं बसवणाऱ्या दुकानदाराला दुपारी आणलं. तो म्हणाला, "मैडम, चढ़ नहीं रहे थे, हमने बोला भी. बाबूजी बोले, मैंने नापा है, बराबर है, आप बैठाइए, जमाई बाबू गाड़ी लेने आ रहे हैं. ग्राहक बोले तो हम बैठा देते हैं." गुन्हेगार शोधायला निघाले होते. सापडलं ते असं की एका माणसाला वाईट वाटू नये म्हणून घरातले सगळे जीव धोक्यात घालून फिरत होते.

जावयाने बदललेलं निवेदन लिहून दिलं. थोरल्या भावाने आवारात येऊन चाक स्वतः हलवून पाहिलं, आणि मेव्हण्यासमोर उभा राहून म्हणाला, "चुकलं यार. पण तूही लेका आधी खोटं काहून बोललास?" मुलगा म्हणाला, "तुमच्या भावालाच विचारा ना." आईने कुणाविरुद्धही तक्रार नाही असं लिहून दिलं, दुकानदाराला कडक समज दिली, आणि प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. त्या मुलाची पडताळणी कोरी गेली. आज तो जबलपूरजवळच्या कुंडमला एका शाळेत शिकवतो.

या प्रकरणाने मला गाडीबद्दल जे शिकवलं ते आधी लिहिते, कारण ते कुणाच्याही उपयोगी पडेल. चाकं बदलायची तर व्यास आणि रुंदी पुरत नाही. गाडीच्या पुस्तकातून बोल्टांच्या वर्तुळाचं माप काढा आणि चाकावर कोरलेल्या आकड्याशी जुळवा. मधलं भोक गाडीच्या मधल्या गोलावर घट्ट बसतं का ते बघा. चाक किती आत, किती बाहेर उभं राहतं तेही माप असतं, नाहीतर वळताना टायर आत घासतं. नट त्या चाकाचेच हवेत, जुने चालतीलच असं नाही. आणि बसवताना चाकाला लाथ मारावी लागली तर तिथेच थांबा, पैसे परत मागा. नवं चाक बसवल्यावर थोडं चालवून नट पुन्हा तपासून घ्या. गाडी आवाज करत असेल तर तो मोठ्याने सांगा, चाकं कुणीही दिलेली असोत.

माणसांबद्दल शिकले ते इतकं स्पष्ट मांडता येत नाही. साक्षीदार कधीकधी पोलिसांना घाबरून खोटं बोलत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जपून खोटं बोलतो. त्यानंतर मी एकही जबाब नातेवाइकांसमोर घेतला नाही.

राहता राहिले सासरे. प्रकरण बंद झालं त्या दिवशी जावई आणि मेव्हणा दोघंही माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मेव्हणा म्हणाला, "मॅडम, बाबांना तुम्हीच सांगा. आमच्या घरात हे कुणीच सांगणार नाही." मी हो म्हटलं. नंतर बदली झाली, पाठोपाठ दुसरी. जावयाने तोवर त्यांना सांगून टाकलं होतं की गाडीचे बोल्ट जुने होते, गंजले होते. निवृत्तीनंतर मी जबलपुरातच राहते, आणि इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत सासरे दर वर्षी भेटतात. "मॅडम, माझी चाकं दणकट होती म्हणून सगळे वाचले हो," असं चार लोकांत म्हणतात. मी प्रसाद घेते.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात झालं. या नव्या जावयाची ही पहिली दिवाळी.

"दिवाळसणाचं ठरवून टाकलं मॅडम. ह्याही गाडीला चाकंच देतो. माप घेऊन ठेवलंय, फित्याने. तुमची दुकानवाल्यांशी ओळख असेल, म्हणून फोन केला. चांगला सेट दाखवतील."

मी म्हटलं, "काही घेऊ नका, काका. मी रविवारी घरी येते. बोलायचं आहे."

"या ना. फराळालाच या."

आज रविवार आहे. सकाळपासून मी घरातली कामं आवरली, गॅसवाल्याला फोन केला, माझ्या गाडीच्या पुस्तकातलं बोल्टांच्या मापाचं पान वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं. आता गोरखपूरला जायचं आहे. किल्ली हातात आहे, आणि त्यांच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.